ज्याचं नाव घ्यायचं नाही

पानावर चार अक्षरं होती. यूद, हे, वाव, हे. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात याची एव्हाना सवय झाली होती आणि ही चारही अक्षरं मला ओळखू येत होती. मावशींनी त्यांच्याखाली बोट धरलं आणि वाचलं, "अदोनाय." मी पुन्हा पानाकडे पाहिलं. त्या चार अक्षरांत 'द' नव्हता, 'न' नव्हता. मग हा उच्चार आला कुठून?

"अगं, लिहिलंय ते वाचायचं नसतं," मावशी म्हणाल्या. "डोळ्यांनी ते बघायचं आणि तोंडानं अदोनाय म्हणायचं. तेसुद्धा प्रार्थनेत. एरवी बोलताना हाशेम म्हणायचं."

अदोनाय म्हणजे 'माझा स्वामी'. हाशेम म्हणजे 'ते नाव'. नावाच्या जागी एक संबोधन, आणि त्या संबोधनालाही रोजच्या बोलण्यात आणायचं नाही म्हणून त्याच्या जागी नुसतं 'नाव'! पुण्याच्या रास्ता पेठेतल्या त्या घरात मी वही उघडून बसले होते आणि वहीत काय लिहून घ्यावं तेच मला सुचत नव्हतं.

मी सोलापूरची. पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात. आजोबा माळकरी होते. संध्याकाळी दिवा लागला की हरिपाठ व्हायचा आणि आम्हा मुलांना त्यात बसावंच लागे. देवाचं नाव घेणं हीच आमच्याकडची साधना. जितकं घ्याल तितकं थोडं. विष्णूची हजार नावं पाठ असणारी माणसं आमच्या गल्लीत होती. शेजारच्या लिंगायत घरात वचनं ऐकू यायची. सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांच्या वचनांच्या शेवटी 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' येतं, बसवण्णांच्या वचनांत 'कूडलसंगमदेव'. प्रत्येक शरणानं आपल्या देवाला आपल्या जिव्हाळ्याचं नाव दिलं आणि प्रत्येक वचनावर ते कोरलं. अशा गावात वाढलेल्या माणसाला देवाचं नाव झाकून ठेवणारा धर्म सहजी उमगत नाही. मला तर सुरुवातीला ते नाव म्हणजे काही गुप्त मंत्र असावा आणि मावशी तो परक्या बाईला सांगत नसाव्यात, असंच वाटत राहिलं. पण तसं नव्हतं. त्यांनाही तो उच्चार ठाऊक नाही. आज तो खात्रीनं सांगू शकेल असं कुणीच नाही.

मावशींची ओळख वडिलांमुळे. वडील रेल्वेत होते आणि त्यांचे एक सहकारी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातले, होते. आडनाव कोकणातल्या गावावरून पडलेलं, शेवटी 'कर' असलेलं. बोलणं अस्सल मराठी. शनिवारी मात्र ते शक्यतो ड्यूटी बदलून घेत. पुढे ते कुटुंब इस्रायलला गेलं. त्यांच्या नात्यातल्या या मावशी पुण्यात राहिल्या. सोलापुरात सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, नाही. त्यामुळे शिकायचं तर गाडीत बसून पुण्यालाच यावं लागतं.

त्या प्रवासात दौंड मागे पडलं की केडगाव लागतं. पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन तिथलं. बायबल मूळ भाषांतून मराठीत आणायचं म्हणून रमाबाई उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि १९२२ साली मृत्यू येईपर्यंत त्याच कामात राहिल्या. त्यांच्याही आधी, १८३२ साली, जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्यानं बेने इस्रायलांसाठी हिब्रूचं व्याकरण मराठीत छापलं होतं. विल्सन आणि रमाबाई दोघांचाही हेतू ख्रिस्ती धर्माचा होता, ते खरंच. तरी मराठीतून हिब्रूकडे जाणारी वाट जुनी आहे, एवढा धीर मला केडगाव स्टेशनवरून जाताना दरवेळी मिळायचा.

बेने इस्रायलांची परंपरा अशी सांगते की, त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर जहाज फुटून आले; सात पुरुष आणि सात बायका वाचल्या. धर्मग्रंथ समुद्रात गेले. पुढे किती तरी पिढ्या ही माणसं कोकणात तेलाचे घाणे चालवत राहिली आणि शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून त्यांना 'शनिवार तेली' म्हटलं जाऊ लागलं. हिब्रू गेली, पोथ्या गेल्या, सणांची हिब्रू नावंसुद्धा गेली. त्यांच्या जागी नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण, दारफाळणीचा सण अशी मराठी नावं आली. राहिलं काय? शब्बाथ म्हणजे शनिवारचा विसावा, आठव्या दिवशीची सुंता, खाण्याचे काही नियम आणि 'शेमा' ही एक प्रार्थना. बारसं असो, लग्न असो, मयत असो, शेमाच म्हणायचा. बाराव्या शतकातल्या मोशे बेन मैमोन या थोर पंडितानं एका पत्रात हिंदुस्थानातल्या ज्यूंबद्दल लिहिलं आहे की, त्यांना तोरा हा मूळ धर्मग्रंथ ठाऊक नाही, शब्बाथ आणि सुंता तेवढी ते पाळतात. ते वर्णन आपल्या याच कोकणातल्या लोकांचं असावं असं अनेकांना वाटतं.

शेमाबद्दल मावशींनी सांगितलेली एक गोष्ट मला फार वेगळी वाटली. ही प्रार्थना देवाला उद्देशून नाही. तिच्यात देवाकडे काही मागितलेलं नाही, त्याचं वर्णन नाही. ती इस्रायलच्या लोकांनी एकमेकांना घातलेली हाक आहे. ऐका, असं तिचं पहिलं सांगणं, आणि आपला देव एकच आहे, हे दुसरं. त्या एवढ्याशा वाक्यात ते चार अक्षरी नाव दोनदा येतं.

आता त्या नावाविषयी जे मला हळूहळू कळलं ते सांगते. बायबलमधल्या मोशेला जळत्या झुडपातून हाक आली तेव्हा त्यानं विचारलं, तुझं नाव काय म्हणून लोकांना सांगू? मिळालेलं उत्तर 'असणं' या क्रियापदातून घडलेलं आहे, आणि ती चार अक्षरंही त्याच धातूशी जोडली जातात. म्हणजे हे नाव दगडासारखं एका जागी बसत नाही. ते होतं, आहे, असेल, या सगळ्यात वाहतं. जेरुसलेमचं मंदिर उभं होतं तेव्हा योम किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या, दिवशी महायाजक ते उच्चारत असे आणि अंगणातले लोक ते कानी पडताच जमिनीवर पालथे होत. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी मंदिर उद्ध्वस्त केलं. जिथे नाव घ्यायचं ती जागाच गेली, आणि पुढे उच्चारही गेला. त्याच योम किप्पूरला आपले बेने इस्रायल दारफाळणीचा सण म्हणत. दारं लावून घ्यायची, पांढरे कपडे घालायचे, उपास करायचा, बाहेरच्या कुणाला शिवायचं नाही. मंदिर ठाऊक नाही, याजक ठाऊक नाही, पण तो दिवस मात्र यांनी धरून ठेवला.

मराठी वाचकाला 'यहोवा' हा शब्द माहीत असतो. तो त्या चार अक्षरांना 'अदोनाय'च्या स्वरखुणा लावून तयार झाला. हिब्रूत मुळात व्यंजनंच लिहीत. वाचणाऱ्याला 'इथे अदोनाय म्हण' अशी आठवण राहावी म्हणून पाठ जपणाऱ्या पंडितांनी त्या अक्षरांखाली अदोनायचे स्वर मांडले आणि पुढे युरोपातल्या वाचकांनी दोन्ही मिळून एक शब्द वाचला. मूळ उच्चार काय असेल याचा अभ्यासकांनी तर्क केलेला आहे. तो मी इथे लिहीत नाही. ज्यांच्या घरी बसून मी हे शिकले त्यांचा रिवाज मी पाळते.

बाकीची नावं मात्र उघडी आहेत आणि ती पुष्कळ आहेत. एलोहीम हे न्यायाशी आणि सृष्टीच्या निर्मितीशी जोडलेलं. शद्दाय हे सामर्थ्याचं. दाराच्या चौकटीला लावलेली मेझुझा असते, तिच्या आतल्या चामड्याच्या गुंडाळीवर पाठीमागे हेच नाव लिहितात आणि येता-जाता माणसं बोटांनी मेझुझाला स्पर्श करून बोटं ओठांना लावतात. हामाकोम म्हणजे 'ती जागा'. हेही देवाचंच नाव, आणि ते शोक करणाऱ्याचं सांत्वन करताना वापरतात. शेखीना म्हणजे माणसांत येऊन वसणारं देवाचं सान्निध्य. कब्बालाच्या, म्हणजे यहुदी गूढविद्येच्या, साधकांनी तर एन सोफ म्हटलं, 'ज्याला अंत नाही तो', आणि या तत्त्वाला नाव लागूच पडत नाही असं सांगितलं. मोशे बेन मैमोननं त्याहून कठोर भूमिका घेतली. देव काय नाही एवढंच आपण सांगू शकतो, तो काय आहे ते नाही. इथे आपल्याला 'नेति नेति' आठवतं, मलाही आठवलं.

पण तेवढ्यावरून 'शेवटी सगळं एकच' म्हणून वही मिटायला माझं मन तयार झालं नाही. आमच्याकडे नाम आणि नामी वेगळे नाहीत. नाम जिभेवर आलं की विठ्ठल आलाच. इथे नाव आणि नावाचा धनी यांच्यात एक अंतर मुद्दाम राखलेलं आहे. नाव व्यर्थ घ्यायचं नाही अशी दहा आज्ञांतच ताकीद आहे. शपथेला, शापाला, जादूटोण्याला, आपलं काम करून घ्यायला हे नाव वापरायचं नाही. ते माणसाच्या हातातलं हत्यार होता कामा नये. हा भेद मला फार मोलाचा वाटतो. देवाच्या नावानं आज जगात काय काय चाललं आहे ते पाहता, कुणीतरी हजारो वर्षं ते नाव वापरायचंच नाकारलं ही गोष्ट मला धीर देते.

मी मावशींना विचारलं, "माझी आजी आजोबांचं नाव कधी घेत नसे. तसंच का हे?"

त्या थोडा वेळ विचार करत राहिल्या. "थोडंसं तसं. पण तुझी आजी उखाण्यात घेत असेल की! आमच्याकडे उखाणासुद्धा नाही." मग म्हणाल्या, "आणि तुझ्या आजीला नाव माहीत होतं. आम्हाला माहीतच नाही. जे माहीत नाही त्याच्यावर माया करायची, हे जास्त कठीण असतं."

एका शुक्रवारी संध्याकाळी मावशींनी आधी विचारून ठेवून मला सिनेगॉगमध्ये नेलं. बेने इस्रायल बोलीत त्याला मशीदच म्हणतात. मुंबईत सामाजी हसाजी दिवेकरांनी १७९६ साली बांधलेलं सिनेगॉगही 'जुनी मशीद'च. आम्ही गेलो तिथे दारावर पोलीस, ओळखपत्राची तपासणी. २००८ साली मुंबईत छबाड हाऊस या ज्यू केंद्रावर हल्ला झाला, त्यानंतर हे असंच आहे. आत बायकांची बसायची जागा वेगळी. मूर्ती नाही, चित्र नाही. पूर्वेच्या... खरं तर भारतातून पाहता पश्चिमेच्या, जेरुसलेमच्या दिशेला, कपाटासारखं हेखाल, त्यावर पडदा, आत तोराच्या गुंडाळ्या. मधोमध कठड्याचा चौथरा, तो तेबा. मी नजर कुठे ठेवावी ते कळेना. आयुष्यभर देवळात गेले की डोळे आपोआप गाभाऱ्याकडे जायचे. तिथे कुणीतरी कमरेवर हात ठेवून उभं असायचं. इथे पाहायला काही नव्हतं. मग शेमा आला आणि सगळ्यांनी उजव्या हाताच्या तळव्यानं डोळेच झाकून घेतले. जे थोडं दिसत होतं तेही बंद. शेवटचा शब्द, 'एक' या अर्थाचा, त्यांनी श्वास पुरेल तेवढा लांबवला. मी डोळे झाकले नव्हते, पाहुण्यासारखी पाहत होते. मला तेव्हा काय वाटलं असेल तर एवढंच, की या धर्मात कानाचा मान डोळ्यापेक्षा मोठा आहे, आणि मला अजून ऐकायला शिकायचं आहे.

खरा उलगडा मात्र मलिद्याच्या ताटाशी झाला. मलिदा हा बेने इस्रायलांचा स्वतःचा विधी. लग्न ठरलं, नवस फेडायचा आहे, नवं घर घेतलं, आजारातून माणूस उठलं, की एलियाहू हानबीच्या, म्हणजे एलिया संदेष्ट्याच्या, स्मरणानं मलिदा करतात. पोहे भिजवायचे, त्यात ओलं खोबरं, साखर, वेलची, सुका मेवा कालवायचा आणि ताटात त्याचा ढीग करून भोवती फळं मांडायची. माझ्या डोळ्यांना ते ताट अगदी ओळखीचं होतं, आमच्याकडच्या प्रसादाचंच. पण पुढचं सगळं नवीन. एलियाहूची हिब्रू गाणी झाली आणि मग एकेका जिन्नसावर बराखा, म्हणजे स्तुती, सुरू झाली. झाडाच्या फळाची वेगळी, जमिनीतून आलेल्याची वेगळी, धान्याची वेगळी, सुवासाची वेगळी. खजुराला झाडाची बराखा. केळ्याला मात्र जमिनीची, कारण केळीचा खांब फळ दिल्यावर टिकत नाही, दरवर्षी तोच खांब फळत नाही, म्हणून ते झाड धरत नाहीत. तालमूद या धर्मग्रंथाच्या पंडितांनी दिवसाला शंभर बराखा म्हणाव्यात असं सांगून ठेवलं आहे. पाण्याच्या घोटाला, गडगडाटाला, विजेला, समुद्र दिसल्यावर, मोहरलेलं झाड दिसल्यावर. शरीरधर्म उरकून आल्यावर, आतली छिद्रं आणि नळ्या नीट चालल्याबद्दलसुद्धा बराखा आहे.

या प्रत्येक बराखेची बांधणी ऐकण्यासारखी आहे. सुरुवात 'तू' अशी होते, समोर बसलेल्याशी बोलावं तशी. पुढे वाक्य मध्येच वळतं आणि 'तो', 'ज्यानं निर्माण केलं तो', असं होतं. एका श्वासात जवळही आणि दूरही. नावाचं जे कोडं मला पुस्तकातून सुटत नव्हतं ते इथे सुटायला लागलं. नाव घ्यायचं नाही म्हणून देव दूर गेलेला नाही. त्याला हाक मारायच्या जागा दिवसभर विखुरलेल्या आहेत. केळं सोलण्याआधी, पाणी पिण्याआधी. त्या ताटासमोर सगळे थांबून होते आणि मीही एका साध्या केळ्याकडे इतका वेळ पाहत राहिले, जितका वेळ मी कधी कुठल्या फळाकडे पाहिला नव्हता. यहुदी माणसाला ईश्वराचा अनुभव कसा येतो, असं मला कुणी विचारलं तर मी दर्शन, साक्षात्कार हे शब्द वापरणार नाही. मी म्हणेन, खाण्याआधी थांबल्यावर येतो.

मग मी अलिबागला गेले. इस्रायल आळीतली मशीद पाहिली आणि तिथून जवळच्याच खंडाळा गावी, जिथे एलियाहू हानबी अग्निरथातून स्वर्गात जाताना टेकला असं बेने इस्रायल मानतात. एका कातळावर घोड्याच्या टापांच्या आणि रथाच्या चाकांच्या खुणा दाखवतात. लोक मेणबत्त्या लावतात, नवस बोलतात. मी पुन्हा गोंधळले. ज्यांच्या देवाला रूप नाही, नाव तोंडी घ्यायचं नाही, त्यांनी कातळाला हात लावून उभं राहायचं? फोनवर मावशींना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "हात लावतो, पण मागणं कातळाकडे नसतं. एलियाहूकडेही नसतं. तो निरोप नेतो." एलियाहूची बायबलमधली गोष्ट मला तिथे पुन्हा आठवली: डोंगरावर त्याच्यासमोर सुसाट वारा आला, भूकंप झाला, आग आली, आणि देव त्यांपैकी कशातच नव्हता, त्या सगळ्यानंतर आलेल्या अगदी बारीक आवाजात होता.

एलियाहूच्या नावाची जत्रा, जिला जुनी माणसं उरूस म्हणत, ती तू बिश्वातला, शेवात महिन्याच्या पंधराव्या तिथीला. हिब्रूत आकडेही अक्षरांनी लिहितात. यूद म्हणजे १०, हे म्हणजे ५. पंधरा लिहायला ही दोन अक्षरं जोडली तर त्या नावाचा अर्धा भाग होतो. म्हणून ९ आणि ६ ची अक्षरं घेतात; त्यांचा उच्चार 'तू'. अलिबागच्या सणाच्या तिथीतसुद्धा नाव जपायची ही काळजी भरून आहे.

आणि हीच काळजी कागदालाही लागू आहे. ज्या कागदावर ते नाव लिहिलं किंवा छापलं, तो फाडायचा नाही, जाळायचा नाही, कचऱ्यात टाकायचा नाही. असे कागद साठवून ठेवण्याच्या जागेला गेनीझा म्हणतात. पुढे ते दफनभूमीत पुरतात. कैरोच्या बेन एझ्रा सिनेगॉगच्या गेनीझातून गेल्या काही शतकांचेच नव्हे तर हजार वर्षांपूर्वीचे लाखो कागद निघाले. हिब्रू लिपीतलं काहीच फेकायचं नाही म्हणून तिथे व्यापाऱ्यांची पत्रंसुद्धा राहिली, आणि बाराव्या शतकात मंगळुरूला राहून व्यापार करणाऱ्या अब्राहम बेन यिजूची पत्रं आज आपल्याला वाचता येतात. पश्चिम किनाऱ्याच्या इतिहासाचा एक तुकडा केवळ या एका धाकानं वाचला.

मराठीतही असे कागद खूप आहेत. १८७४ साली पुण्यात हिब्रू आणि मराठी एकत्र असलेली हग्गादा, म्हणजे वल्हांडणाच्या रात्री वाचायची पोथी, छापली गेली. तिच्यातल्या चित्रांत लुगडं नेसलेल्या बायका बिनखमिराच्या भाकरी करत बसलेल्या आहेत. मुंबईच्या जोसेफ एझिकेल राजपूरकरांनी कितीतरी हिब्रू प्रार्थना मराठीत आणल्या. माझ्या वडिलांच्या कपाटातही त्यांच्या सहकाऱ्यानं जाताना ठेवायला दिलेलं एक जुनं हिब्रू-मराठी प्रार्थनापुस्तक होतं. कव्हर गेलेलं, पानं पिवळी पडून सुटी झालेली. मावशींनी ते पाहिलं, पानं हातानं सारखी केली आणि आपल्याकडे ठेवून घेतलं. वाचण्याजोगी पानं त्या ठेवतील, बाकीची इतर जीर्ण पुस्तकांबरोबर पुरली जातील.

म्हणून सोलापूर, कुर्डुवाडी, दौंड, मनमाड अशा रेल्वेच्या गावांतल्या वाचकांना माझी एक विनंती आहे. या गावांत नोकरीनिमित्त बेने इस्रायल कुटुंबं राहून गेलेली असतील. तुमच्या माळ्यावर, वडिलांच्या ट्रंकेत चौकोनी अक्षरांचं, शेजारी मराठी छापलेलं एखादं पुस्तक किंवा सुटी पानं सापडली, तर रद्दीवाल्याला देऊ नका आणि आपल्या रिवाजाप्रमाणे नदीतही सोडू नका. पुण्याच्या, अलिबागच्या किंवा मुंबईच्या सिनेगॉगला कळवा. जायच्या आधी परवानगी घ्या, ओळखपत्र बरोबर ठेवा. शुक्रवारी सूर्य मावळल्यापासून शनिवारी अंधार पडेपर्यंत मात्र फोन करू नका. शब्बाथ असतो, त्या वेळात तिथे फोन उचलत नाहीत.